‘कलम 30-अ’ आणि कॉन्व्हेंट शाळा

गेली काही वर्षे व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. संविधानाच्या कलम 30 मुळे ख्रिस्ती आणि मुस्लिम संस्थांना आपल्या शाळांत बायबल व कुराण शिकवता येते, ‘कलम 30-अ’ मुळे मात्र हिंदूंना गीता शिकवण्यास मनाई आहे, असे तो सांगतो. याच सवलतीच्या आडून कॉन्व्हेंट शाळा इतरधर्मीय मुलांवर आपला धर्म लादतात आणि गरिबांना दाराबाहेर ठेवतात, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते.

पहिले विधान चटकन निकालात निघते. संविधानात 30-अ हे कलमच नाही. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने कलम 30 मध्ये (1अ) हे उपकलम आले. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थेची मालमत्ता सरकारने सक्तीने संपादन केल्यास द्यायच्या मोबदल्यापुरताच त्याचा विषय आहे.

मनाई आहे ती कलम 28 मध्ये, आणि ती सर्व धर्मांना सारखी आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत गीतेचे नाही, तसे बायबलचेही नाही. हिंदू विश्वस्तांनी स्वतःच्या पैशातून चालवलेल्या शाळेला ही मनाई लागू नाही.

धर्म लादण्याच्या आरोपाला उत्तर त्याच कलमाच्या तिसऱ्या उपकलमात आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतील मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही, आणि कॉन्व्हेंटही त्याला बांधलेले आहे. म्हणूनच अनेक कॅथलिक शाळांत ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाच्या तासाला जातात तेव्हा बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास चालू असतो. परिपाठाच्या बाबतीत मात्र शाळांचा हात थोडा ढिला राहिला आहे, हे मान्य करावे लागेल. क्रूसाची खूण करून सुरू होणारी प्रार्थना सगळा वर्ग सवयीने म्हणतो आणि त्याबद्दल पालकांना सहसा कोणी विचारत नाही. ही उणीव बिशपांच्याही लक्षात आली असावी. एप्रिल 2024 मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना सूचना दिल्या, त्यांत इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, रोज परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी, ती शाळेच्या प्रवेशद्वारी लावावी आणि शक्य तिथे सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष असावा, असे सांगितले आहे. (महाराष्ट्रातील मुलांना उद्देशिका परिपाठातून आधीच पाठ असते, हा भाग वेगळा.)

गरिबांविषयीच्या आरोपात मात्र तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली प्रमाती खटल्यात अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून (आरटीई) वगळले, त्यामुळे वंचित घटकांतील मुलांसाठीच्या 25 टक्के मोफत जागांची सोडत त्यांना लागू नाही. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार अल्पसंख्याक शाळांतील जेमतेम 8.76 टक्के विद्यार्थी वंचित घटकांतील होते. तरीही कायद्याने न सांगता करून दाखवणाऱ्या शाळा आहेत. कोलकात्याच्या लॉरेटो सियालदह शाळेत सिस्टर सिरिल मूनी यांनी रस्त्यावरच्या मुलांना आत घेतले, आणि फी भरणाऱ्या मुलींनी वेळापत्रकातल्या तासाला त्यांना एकास एक बसून शिकवले. पण अशी शाळा हे उदाहरण झाले, नियम नव्हे. आरटीईचा अर्ज भरणाऱ्या वसईच्या किंवा वांद्र्याच्या आईला शाळांच्या यादीत कॉन्व्हेंट सापडत नाही. प्रमाती निकालाचा फेरविचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात म्हटले असून, तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला आहे.