इंदूरच्या श्रीनगर खटल्यात कोणीही 'बाई म्हणून' सुटलेलं नाही

रामबागेतल्या आत्यानं फाशीबद्दलचा एक मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'अगदी खरं आहे.' आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईनं न तपासता असलं काही पुढे पाठवावं, याचा मला खरंच राग आला. मेसेजात तीन दावे आहेत. इंदूरच्या तिहेरी खुनातली आरोपी मुलगी बाई म्हणून फाशीतून सुटली. जन्मठेप म्हणजे 14 वर्षं. आणि फाशी दिली की कैद्याला पोसायचा खर्च वाचतो.

पहिला दावा आपल्या गावचा. जून 2011 मध्ये इंदूरच्या श्रीनगर भागात एकाच घरातल्या आजी, मुलगी आणि नात अशा तिघींचा खून झाला. आरोपी दोन पुरुष आणि एक तरुणी. फाशी तिघांनाही सुनावली होती, तरुणीलाही, आणि हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठानं ती कायमही केली. 20 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं तिघांचीही फाशी रद्द केली आणि तिघांनाही एकच शिक्षा दिली: किमान 25 वर्षं जन्मठेप. यात बाई म्हणून सूट कुठे आली? 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' हा निकाल कोणीही उघडून वाचावा. आरोपीची मानसिक तपासणी, त्याची पार्श्वभूमी हे सगळं खटल्यातच कोर्टापुढे आलं पाहिजे, हे त्यात ठरलं. देशभर आज त्याचा आधार घेतात, आणि आपण इंदूरकर त्याच्याबद्दल खोटं पसरवतो!

फाशीच्या कैद्यांत बायका थोड्या असतात, एवढं मान्य. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं 2016 च्या अहवालासाठी 373 जणांच्या मुलाखती घेतल्या, त्यात बायका 12. पण देशाच्या तुरुंगांतच बायका शंभरात चारेक आहेत. कायद्यात सूट आहे ती फक्त गर्भवतीला. त्याच अहवालात जवळपास 74 टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. त्यावर मेसेजात अक्षर नाही.

14 वर्षांचं तर सरळ चूक. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. खुनासारख्या गुन्ह्यात 14 वर्षांआधी सुटकेचा विचारच होत नाही, इतकाच त्या आकड्याचा अर्थ.

आता खर्च. लहान मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या दोघी बहिणी, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, 1996 ला पकडल्या गेल्या. 2001 ला फाशी सुनावली, 2006 ला सुप्रीम कोर्टात कायम. दयेच्या अर्जावर सरकारनं जवळजवळ आठ वर्षं लावली, आणि त्याच दिरंगाईपायी मुंबई हायकोर्टानं जानेवारी 2022 ला फाशीची जन्मठेप केली. म्हणजे पंचवीस वर्षं पोसलंही, आणि वर हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, दयेचा अर्ज, पुन्हा हायकोर्ट हा खर्चही केला. वाचलं काय? कॅलिफोर्नियात 2011 मध्ये हिशेब मांडला गेला: 1978 पासून फाशीच्या व्यवस्थेवर 4 अब्ज डॉलर, प्रत्यक्ष मृत्युदंड 13. या पायऱ्या गाळून खर्च वाचवायचा, तर निरपराध माणूसही लटकेल.

रात्री आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तिनं मेसेज काढला. मग म्हणाली, 'पण अगं, त्या तिघींच्या घरच्यांनी अकरा वर्षं कशी काढली असतील?' मेसेजात हा प्रश्न कुठेच नव्हता. त्यावर आम्ही बराच वेळ बोलत राहिलो.