‘मुलांमध्ये गायलं की दुःख विसरतं’: या संदेशाला उत्तर

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश सतत पुढे ढकलला जातोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घरात मृत्यू झाला तर संगीतशिक्षकाने तेरावं आटोपलं की लगेच वर्गावर यावं, कारण सूर हेच औषध. लहान मुलांना मृत्यू कळत नाही, म्हणून त्यांना काही सांगू नये. त्यांच्यासमोर डोळ्यांत पाणी येऊ देऊ नये. आणि दुःखाच्या पाच पायऱ्या ठरलेल्या असतात, त्या ओलांडल्या की माणूस मोकळा होतो.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण मी मुंबईत प्राथमिक शाळेत संगीत शिकवते, माझे वडील जाऊन अजून वर्ष झालेलं नाही, आणि या सल्ल्याने शोकात असलेल्या शिक्षकावर आणखी एक ओझं पडतं, असं मला ठामपणे वाटतं.

सूर हेच औषध, हे आधी घेते. संगीत ऐकणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. घरी ऐकताना रडू आलं तर येऊ देता येतं. वर्गात समोर चाळीसेक मुलं असतात आणि आपलं साधन असतं आपला गळा. दुःखाचा पहिला घाव तिथेच बसतो. रडू दाबलं की स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळतात, आवंढा अडकतो, श्वास तुटक होतो. गायला नेमकं उलट लागतं: सैल गळा आणि लांब, एकसारखा सोडलेला श्वास. त्यात मुलांना खालची पट्टी झेपत नाही, म्हणजे वर आपणच जायचं. वरच्या षड्जापाशी, म्हणजे वरच्या ‘सा’पाशी, आवाज फाटतो, तेव्हा शिक्षकाचा निर्धार कमी पडलेला नसतो. शरीर आपलं काम करत असतं.

शिवाय संगीतशिक्षकाच्या घरात गाणं बहुतेकदा कुणाकडून तरी आलेलं असतं. माझे वडील नोकरीची सगळी वर्षं डोंबिवलीहून सीएसएमटीला जाताना लोकलच्या भजनी मंडळात टाळ वाजवायचे. त्यांच्याकडून घेतलेले अभंगच मी चौथीला शिकवते. आजही सकाळच्या गाडीत शेजारच्या डब्यातून टाळ ऐकू आले की शाळेत पोचायच्या आधीच माझा गळा भरून येतो. ज्या चालीत त्यांचा आवाज मुरलेला आहे, ती चाल मला तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी औषध कशी वाटावी? पुढे कधी वाटेलही. ते कधी, हे दुसऱ्या कुणी ठरवू नये. (‘वर्षभर पेटीला हात लावू नकोस’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे. गा म्हणणारे आणि गाऊ नको म्हणणारे, दोघेही जिला गायचंय तिला विचारत नाहीत.)

न गाताही संगीताचा तास चांगला होतो, हे मात्र प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत असायला हवं. दादरा तालाच्या सहा आणि केरवा तालाच्या आठ मात्रा टाळ्यांवर पक्क्या करून घेता येतात. भूप रागाचे पाच स्वर, सा रे ग प ध, पेटीवर वाजवून मुलांना ओळखायला लावता येतात. गळा तयार असलेल्या मुलीने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची, अशी समूहगीतं बसवता येतात. मी परतले तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी मला हे करू दिलं आणि पंधरा ऑगस्टच्या गाण्याची तयारी दुसऱ्या बाईंकडे दिली. मुलांचं काहीही अडलं नाही.

मुलांना मृत्यू कळत नाही, हे तर सरळ चूक आहे. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर काम करायचं थांबतं आणि हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगू लागतात. स्पीस आणि ब्रेंट या अभ्यासकांनी १९८४ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन हे मांडलं होतं. म्हणजे पहिली ते चौथीच्या वर्गाला बरंच समजतं. चाळीत, वस्तीत राहणाऱ्या मुलांनी तर मयत दारातून जाताना पाहिलेली असते. ‘बाई गावाला गेल्या होत्या’ असं त्यांना सांगण्यात काय अर्थ आहे? मुंबईतली मुलं दर मे महिन्यात गावाला जातात आणि जूनमध्ये परत येतात. आजोबाही ‘गावाला गेले’ म्हटलं, तर लहानगं मूल वाटच बघत बसेल. ‘झोपले’ म्हणणं त्याहून वाईट, काही मुलं मग झोपायलाच घाबरतात. मी वर्गात एवढंच सांगितलं: माझे बाबा वारले, मला त्यांची आठवण येते, म्हणून काही दिवस मी कमी गाईन. दोन-तीन मुलांनी आपापल्या आजी-आजोबांचं सांगितलं, एकाने आपल्या कुत्र्याचं. मग आम्ही टाळ्या धरल्या.

डोळ्यांतल्या पाण्याबद्दल संदेशात थोडं तथ्य आहे. मोठं माणूस सावरेनासं झालं तर मुलं घाबरतात. पण डोळे भरणं आणि कोसळणं यांत पुष्कळ अंतर आहे. डोळे भरले, कारण सांगितलं, पाणी प्यायले आणि तास पुढे चालू झाला, हे मुलांनी पाहिलं तर त्यात त्यांचं नुकसान नाही. आवरणार नाही असं वाटलं तर शेजारच्या वर्गातल्या बाईंनी दहा मिनिटं येऊन बसावं, एवढी सोय आधीच ठरवून ठेवावी.

पाच पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, त्या स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांवर त्या नंतर लादल्या गेल्या. शोकाचे अभ्यासक स्ट्रोब आणि शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं चित्र मला माझ्या दिवसांच्या जास्त जवळचं वाटतं: माणूस गेलेल्याच्या आठवणीकडे आणि समोरच्या कामाकडे आळीपाळीने वळत राहतो, आणि ही ये-जा निरोगी असते. दुसरीच्या वर्गात मी हसते आणि मधल्या सुट्टीत रडते, यातलं एकही खोटं नसतं.

सहा महिने उलटूनही शोकाची तीव्रता उतरत नसेल आणि रोजचं जगणंच अडत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सध्याच्या वर्गीकरणात त्याची वेगळी नोंद आहे आणि त्यावर उपचार होतात. पण मदत मागायला सहा महिने थांबायची गरज नाही. मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत देणारी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. पुढच्या वेळी गटावर काही पाठवायचंच असेल तर हा क्रमांक पाठवा, आणि सोबत आपल्या सहकारी बाईंचे कोणते तास तुम्ही घेऊ शकता तेही लिहा.