राजघराण्यात जन्मून पंतप्रधान कसं होऊ नये

तर मंडळी, तुम्ही राजघराण्यात जन्मलात, शिकलात, डोकंही बरं चालतं, आणि तरी पंतप्रधान व्हायचं नाहीये. दिसतं तेवढं सोपं नाही हे. मलेशियाचे पहिलेच पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान, केदाहच्या सुलतानाचे चिरंजीव, झालेच ना शेवटी? म्हणजे नुसतं घराण्यावर विसंबून भागत नाही, स्वतः खपावं लागतं. कसं खपायचं ते शिकायचं असेल तर गुरू एकच, केलांतानच्या राजघराण्यातले तेंगकू रझालेह हमझा. अख्खा देश त्यांना कू ली म्हणतो, आपण साहेब म्हणू.

सुरुवात काम करून दाखवण्यापासून करा. बाकी सगळं जमलं नाही तरी एवढ्याने अर्धा कार्यभाग उरकतो. साहेब बेलफास्टला अर्थशास्त्र शिकून आले आणि बँक काढ, सरकारी कंपनी चालव, असले नसते उद्योग करत बसले. १९७४ ला पेट्रोनास ही सरकारी तेल कंपनी निघाली तिचे पहिले चेअरमन हेच, मग १९७६ ते १९८४ अर्थमंत्री. क्वालालंपूरला गेल्यावर ज्या जुळ्या टॉवरसमोर आपली मंडळी मान मोडेपर्यंत वर बघत सेल्फी काढतात ना, ते या पेट्रोनासचे. पण टॉवर उठले पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांच्या काळात, त्यामुळे नाव महाथिरांचं. पाया खणणाऱ्याचा फोटो कोण काढतं हो.

नशीब जोरावर असेल तर घाबरू नका, तेही वाया घालवता येतं. जून १९७६ ला साहेब तेलाच्या कराराच्या कामासाठी मलेशियाच्याच सबाह राज्याकडे गेलेले, लाबुआनहून निघणाऱ्या छोट्या विमानात बसले होते, तेवढ्यात त्यांना उतरवून दुसरीकडे नेलं. ते विमान कोटा किनाबालूजवळ कोसळलं, सबाहचे मुख्यमंत्री फुआद स्टीफन्स गेले, बरोबरचे मंत्री गेले. साहेब वाचले. आपल्याकडे असं काही झालं असतं तर पुढची चाळीस वर्षं दर सभेत "देवानेच मला तुमच्यासाठी राखून ठेवलंय" ऐकावं लागलं असतं. साहेबांनी एवढा हुकमी डायलॉग कधी नीट वापरलाच नाही.

आता मुख्य धडा, इथे लक्ष द्या. मलेशियात तेव्हा हिशोब साधा होता, सत्ताधारी उम्नो पक्षाचा अध्यक्ष तोच पंतप्रधान, आणि अध्यक्ष ठरवणार पक्षाचे दीडेक हजार प्रतिनिधी. देशात कोटी-दीड कोटी लोक असतील पण खुर्चीचा फैसला एका हॉलमध्ये. साहेब आधी उपाध्यक्षपदासाठी मुसा हितामांशी लढले, १९८१ ला हरले, १९८४ ला परत लढले, परत हरले. मग १९८७ ला थेट महाथिरांविरुद्ध उभे राहिले आणि जोडीला कोणाला घेतलं? मुसा हितामांना! ज्याने दोनदा आपटलं त्याच्याच खांद्यावर हात टाकून मैदानात. २४ एप्रिलला मतं मोजली, महाथिर ७६१, साहेब ७१८. फरक त्रेचाळीसचा. म्हणजे बावीस जणांनी ऐनवेळी मन बदललं असतं तरी देशाचा इतिहास वेगळा, पण त्या बावीस जणांना सांभाळायला लागतो तो कार्यकर्ता, जेवणावळ, "काय पाटील, पोरीचं लग्न ठरलं का" असं विचारणारा माणूस. बॅलन्सशीट वाचता येणारा माणूस तिथे काय कामाचा. तुम्हालाही हरायचं असेल तर तुमच्या प्रतिनिधींना आकडेवारी ऐकवा, हमखास गुण येतो.

हरलात तर गप्प बसू नका, कोर्टात जा. म्हणजे तुम्ही स्वतः नका जाऊ, तुमची माणसं जातील. साहेबांच्या गटातल्या अकरा जणांनी केस टाकली की नोंदणीच नसलेल्या शाखांनी प्रतिनिधी पाठवलेत, निवडणूक रद्द करा. मुद्दा बरोबरच होता, इतका बरोबर की फेब्रुवारी १९८८ ला न्यायमूर्ती हारून हाशिम म्हणाले, अशा शाखा असतील तर अख्खा पक्षच बेकायदेशीर. घ्या! निवडणूक रद्द करायला गेलेले, पक्षच रद्द करून आले. महाथिरांनी काय केलं, लगेच "नवीन उम्नो" काढला, दाराशी स्वतः उभे राहिले आणि आत कोण येणार ते ठरवलं. त्याच वर्षी देशाच्या सरन्यायाधीशांनाच पदावरून हटवलं. केस जिंकून घर गमावायचं असेल तर असा अभ्यास पाहिजे.

मग स्वतःचा पक्ष काढा आणि नाव भूतकाळावरून ठेवा. साहेबांचा पक्ष सेमांगत ४६, कारण जुना उम्नो १९४६ चा. युती करताना तब्येतीने करा, एका हाताला 'पास' हा इस्लामी पक्ष, दुसऱ्या हाताला चिनी मतांवर उभा असलेला डीएपी पक्ष, आणि या दोघांनी एकमेकांकडे बघू नये म्हणून दोन वेगळ्या आघाड्या. १९९० च्या मतदानाला जेमतेम काही दिवस उरलेले, सबाहचा पक्षही येऊन मिळाला, हवा तयार झाली, आणि साहेब तिकडे सत्काराला गेले. आता सत्कार म्हटला की डोक्यावर काहीतरी चढवतातच, आपल्याकडे फेटा, तिकडे सबाहमधल्या कादाझान लोकांचं पारंपरिक शिरोभूषण. त्यावरची नक्षी फोटोत क्रॉससारखी दिसली. झालं! पेपर आणि टीव्हीने तो फोटो गावोगाव पोचवला, बघा बघा मलय राजपुत्राच्या कपाळावर काय आहे ते. पेट्रोनास, अर्थखातं, वीस वर्षांचं राजकारण, सगळं एका टोपीखाली झाकलं गेलं. पक्षाला देशात आठ जागा. केलांतानच्या विधानसभेत मात्र पासबरोबरच्या युतीने ३९ च्या ३९ जिंकल्या, पण तिथली खुर्ची पासकडे गेली. म्हणजे जिंकलात तरी दुसऱ्यासाठी जिंका.

१९९६ ला पक्ष गुंडाळून साहेब परत उम्नोत, महाथिरांच्याच पंगतीत. हे मला मनापासून आवडतं, इतक्या सन्मानाने माघार घ्यायला राजघराणंच पाहिजे. तोवर पक्षाने नियम असे बदलले होते की अध्यक्षपदाला उभं राहायलाच ढीगभर विभागांची शिफारस लागणार. २००४ ला महाथिरांनंतर पंतप्रधान झालेल्या अब्दुल्ला बदावींसमोर साहेबांना शिफारस आली एक, स्वतःच्या गुआ मुसांग विभागाची. २००८ ला अट ५८ शिफारशींची. आली एक. गुआ मुसांग. गुडघ्याला बाशिंग कसं बांधावं हे इथून शिका, आणि मुख्य म्हणजे ते सोडायचं नाही. २०१८ ला उम्नोची सत्ता गेली तेव्हा वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी परत उभे. तिसरे आले.

खासदारकी मात्र १९७४ पासून एकदाही गेली नव्हती. तीही २०२२ ला गेली, १६३ मतांनी. त्याच दिवशी लंकावीत महाथिर चौथ्या नंबरवर फेकले गेले आणि त्यांचं डिपॉझिटही जप्त झालं. साहेबांचं वाचलं. पस्तीस वर्षांच्या त्या कुस्तीत ही एक फेरी तरी साहेबांची, फक्त तोवर दोघांपैकी कोणीच आखाड्यात उरलं नव्हतं.