बाटली फेकून वजन उतरत नाही

‘डाएट-व्यायाम व्यर्थ. वजन वाढतं ते प्लॅस्टिकमधल्या बीपीएमुळे, हे सिद्ध झालंय. पाण्याची बाटली फेका, 21 दिवस डिटॉक्स काढा घ्या, 5 किलो उतरतील.’ हा मेसेज घरोघरी पोचलाय. (बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए, काही प्लॅस्टिक बनवताना वापरलं जाणारं रसायन.) त्यातला एकेक दावा पाहू.

आधी बाटली. तळाशी त्रिकोणात 1 असेल तर ती पेट (PET) नावाच्या प्लॅस्टिकची, आणि पेट बनवायला बीपीए लागतच नाही. ते लागतं पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या, कडक प्लॅस्टिकला. ऑफिसातले 20 लिटरचे कडक, निळसर जार बहुधा त्याचे असतात. (तळाशी 7 असतो, पण 7 म्हणजे ‘इतर’, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका.) दुसरी जागा म्हणजे पत्र्याच्या डब्याला आतून दिलेला इपॉक्सीचा, म्हणजे बीपीएपासून बनणाऱ्या राळेचा थर. 2011 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी 75 जणांना 5 दिवस रोज डबाबंद सूप दिलं. ताज्या सूपाच्या तुलनेत लघवीतलं बीपीए 1,200 टक्क्यांहून जास्त वाढलं. पेटची बाटली फेकून आमरसाचा डबा आणलात, तर हिशेब उलटाच झाला.

‘सिद्ध झालंय’ हे तर फारच. लठ्ठ माणसांच्या लघवीत बीपीए जास्त आढळतं, हे अमेरिकेतल्या पाहण्यांत दिसलंय. पण बीपीए दिवसभरात शरीराबाहेर पडतं, म्हणजे एका नमुन्यावरून कळतं ते फार तर कालचं जेवण. पॅकबंद जास्त खाणाऱ्याच्या पोटात बीपीएही जास्त जातं आणि कॅलरीही. वजन नेमकं कशाने वाढलं, हे त्यावरून सांगता येत नाही.

गंमत म्हणजे प्रौढांमधला जास्त दमदार पुरावा ज्या रसायनांचा आहे, त्यांचं मेसेजमध्ये नावच नाही. ती म्हणजे पीफास (PFAS) हा रसायनांचा गट: तेल-पाणी न शोषणारे कागद, डाग न पडणारी कापडं यांत वापरली जाणारी. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जादा वजनाच्या 621 जणांना डाएटवर ठेवलं होतं. 6 महिन्यांत सरासरी 6.4 किलो उतरले, पुढच्या 18 महिन्यांत 2.7 किलो परत आले. रक्तात पीफास सर्वांत जास्त असलेल्या एक तृतीयांश स्त्रियांचं वजन सर्वांत कमी असलेल्या एक तृतीयांश स्त्रियांपेक्षा 1.7 ते 2.2 किलो अधिक परत आलं. पण आधी जे उतरलं, त्यात पीफासमुळे फरक दिसला नाही. म्हणजे डाएट व्यर्थ नव्हतं. ते टिकवणं काहींना जड गेलं, आणि तिथेही हा संबंध आहे, कारण ठरलेलं नाही.

काढ्याचं काय? बीपीए आपणहून जातं, आणि पीफासपैकी मुख्य रसायनं रक्तात निम्मी व्हायलाच काही वर्षं लागतात. 21 दिवस फरसाण सोडलंत तर वजन थोडं उतरू शकतं, श्रेय मात्र काढा घेऊन जाईल. रोजचे चार कप चहा दोन-दोन चमचे साखरेचे असतील, तर तिथेच सुमारे 160 कॅलरी आहेत.

काळजी घ्यायचीच तर उष्णता आणि तेलाची घ्या, कारण प्लॅस्टिकमधली रसायनं या दोन्हींमुळे जास्त सुटतात. उकळती आमटी प्लॅस्टिकच्या डब्यात ओतू नका, स्टीलचा घ्या. मायक्रोवेव्हमध्ये काच किंवा चिनीमाती. लोणचं काचेच्या बरणीत. जार उन्हात ठेवू नका. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने दुकानाची गुळगुळीत पावती धरू नका, तिच्यावरचं बीपीए त्वचेतून जास्त शिरतं. आणि ‘बीपीए-फ्री’ वाचून हुरळू नका, त्याच्या जागी पुष्कळदा त्याचंच भावंड बीपीएस घातलेलं असतं.