स्क्रॅबलचं श्रेय मोजणाऱ्याला द्या

स्क्रॅबल म्हणजे पटावर अक्षरं मांडून इंग्रजी शब्द जुळवायचा आणि गुण मिळवायचा खेळ. त्याच्या इतिहासाचा विषय निघाला की हमखास एकच किस्सा पुढे येतो. न्यूयॉर्कच्या मेसीज या अवाढव्य दुकानाचे प्रमुख जॅक स्ट्रॉस १९५२ साली सुट्टीवर गेले, तिथे हा खेळ खेळले आणि परतल्यावर बघतात तर आपल्याच दुकानात तो विकायला नाही! मग ऑर्डर गेली आणि खेळाचं नशीब फळफळलं. किस्सा रंगतदार आहे, पण दर वेळी तो ऐकून मला वाईट वाटतं. त्याआधीची वीस वर्षं कुणी सांगतच नाही.

ती वर्षं आल्फ्रेड बट्स या आर्किटेक्टची होती. महामंदीत, १९३१ साली त्यांची नोकरी गेली. मग त्यांनी खेळांचाच अभ्यास मांडला. काही खेळ फाशांवर चालतात, काही पटावरच्या चालींवर, काही अक्षरांवर. त्यांना हवा होता तो असा खेळ, ज्यात नशीबही लागेल आणि डोकंही.

यानंतर त्यांनी जे केलं त्याला माझ्या लेखी तोड नाही. न्यूयॉर्क टाइम्ससारखी वर्तमानपत्रं समोर घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते त्यांनी हाताने मोजलं. संगणक नाही, मदतनीस नाही. आज आपण पिशवीत हात घालतो तेव्हा जी शंभर अक्षरं असतात, त्यांचा हिशोब तिथून आला. ‘इ’ बारा, ‘क्यू’ एकच. पण कोरड्या आकडेवारीवर ते थांबले नाहीत. इंग्रजीत ‘एस’ सतत लागतो, तरी त्यांनी तो चारच ठेवला. नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला ‘एस’ चिकटवून अनेकवचन करत बसला असता आणि खेळातली मजाच गेली असती. किती आहे हे मोजायचं आणि किती असावं हे ठरवायचं, ही दोन्ही कामं एकाच माणसाने केली.

कंपन्यांनी नकार दिले. खेळाच्या ‘लेक्सिको’ या सुरुवातीच्या रूपाला तर पटच नव्हता; तो १९३८ साली ‘क्रिस-क्रॉस वर्ड्स’ या पुढच्या रूपात आला. पुढे १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी हक्क घेतले, स्क्रॅबल हे नाव दिलं, नियम सोपे केले, जादा गुणांची घरं थोडी हलवली. अक्षरांच्या वाटणीला मात्र हात लावला नाही. १९४९ साली त्यांनी सुमारे २,४०० संच बनवले आणि ४५० डॉलर तोटा सोसला. त्यांची चिकाटीही मोठी, हे मान्यच.

अक्षर जितकं दुर्मिळ तितके त्याला गुण जास्त, म्हणून ही मोजणी भाषागणिक नव्याने करावी लागते. इंग्रजीत ‘झेड’ला १० गुण, पोलिश संचात त्यालाच फक्त १, कारण तिथे तो पावलोपावली येतो. मराठीत असा खेळ नीट बांधायचा तर मात्रा, जोडाक्षरं, ‘ळ’ आणि ‘ण’ यांची अशीच मोजदाद कुणीतरी बसून करायला हवी. केवळ इंग्रजीचे आकडे उचलून भागणार नाही.

आता काही जण म्हणतात, गुण बदला. २००६ साली अमेरिकेतल्या स्पर्धांच्या शब्दसूचीत ‘क्यूआय’ आणि ‘झेडए’ हे दोन अक्षरी शब्द आले, त्यामुळे ही ‘अवघड’ अक्षरं खपवणं सोपं झालं. संगणकाने नवा हिशोब मांडून ‘झेड’ १० वरून ६ वर आणा, असंही सुचवून झालं. माझा याला ठाम विरोध आहे. प्रत्येक अक्षराची किंमत काटेकोर केली तर हातात काय आलं याला फारसा अर्थ उरणार नाही. घरात आजी आणि नातू एका पटावर बसतात ते नातवालाही कधीतरी ‘झेड’ मिळतो म्हणून. बट्स यांना नशीब हवंच होतं, ते त्यांनी जाणूनबुजून खेळात ठेवलं. शब्दसूची वाढवायची तर खुशाल वाढवा, पण त्या शंभर अक्षरांना आणि त्यांच्या गुणांना कुणी हात लावू नये.