संप बेकायदा ठरला म्हणजे मागणीही खोटी?

कुठेही संप झाला की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. कोर्टाने संप बेकायदा ठरवला म्हणजे मागण्या खोट्या. मग संपकऱ्यांना मालक सरसकट काढू शकतो. कोर्ट ऐकतं ते गर्दीवाल्या नेत्याचं. आणि शेवटी सगळं तारखांतच जिरतं. एकेक बघू.

‘बेकायदा संप म्हणजे खोटी मागणी’

महाराष्ट्रात यासाठी १९७१चा कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा. युनियनवाले त्याला एमआरटीयू-पीयूएलपी म्हणतात. संप बेकायदा कधी, हे त्याचं कलम २४ सांगतं. १४ दिवसांची नोटीस दिली नाही, मान्यताप्राप्त युनियन असताना नोटिशीआधी तिच्या सभासदांचं बहुमत घेतलं नाही, आणि अशाच आणखी काही अटी. पगारवाढ रास्त आहे का, याबद्दल त्यात अक्षर नाही. पुढचं कलम तर मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेलंच दिसत नाही. लेबर कोर्टाने संप बेकायदा जाहीर केल्यावर ४८ तासांत तो मागे घेतला, तर या कायद्यापुरता तो बेकायदा धरलाच जात नाही. मागणी खोटी होती, तर दोन दिवसांत ती खरी कशी झाली?

एसटीचंच बघा. नोव्हेंबर २०२१मध्ये मुंबई हायकोर्टाने संपाला मनाई केली आणि काही दिवसांतच एसटी महामंडळ राज्य सरकारात विलीन करण्याच्या मागणीवर विचार करायला मुख्य सचिवांची समितीही नेमायला लावली. मागणी निकालात काढायची असती तर समितीचा खटाटोप कशाला? विलीनीकरण मिळालं नाही हे खरं. पण नकार आला तो समितीच्या अहवालातून, संप बेकायदा होता म्हणून नव्हे.

आणखी एक गोंधळ नेहमीचा. १९७१च्या कायद्याच्या कलम ३०खालचा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, मनाई हुकूम आणि संप बेकायदा असल्याचा निकाल या दोन वेगळ्या गोष्टी. गेटवर मात्र दोन्हींची बातमी ‘कोर्टाने संप मोडला’ अशीच पोचते.

‘मग मालक कुणालाही काढू शकतो’

नाही. एप्रिल २०२२मध्ये हायकोर्टाने एसटी कर्मचाऱ्यांना २२ तारखेपर्यंत रुजू व्हायला सांगितलं, तेव्हाच रुजू होणाऱ्यांवर संपासाठी कारवाई करू नका, असं महामंडळालाही बजावलं. एरवीही, वाद प्रलंबित असताना गैरवर्तनाच्या नावाखाली कामगाराला काढायचं तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३ने मालकाला परवानगी किंवा मंजुरी घ्यायला लावली होती. ती घेतलीच नाही तर बडतर्फी लागूच होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २००२मध्ये जयपूरच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सांगितलं. त्या कायद्याच्या जागी आणलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही अशी तरतूद ठेवली आहे.

‘गर्दी ज्याची, कोर्ट त्याचं’

गिरणगावाला हे सांगून बघा. १९८२च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार कामगार नेते दत्ता सामंतांमागे गेले. पण १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली प्रातिनिधिक युनियन, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलणारी अधिकृत संघटना, होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि वाटाघाटीचा हक्क तिचाच. हे न्याय्य होतं असं मला वाटत नाही. मेसेजमधल्या दाव्याच्या मात्र ते बरोबर उलटं आहे.

‘तारखांतच जिरतं’

इथे मेसेज निम्मा खरा आहे. अनुचित प्रथेची तक्रार शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी, असं १९७१चा कायदा म्हणतो; ते ‘शक्यतो’ किती ताणलं जातं हे लेबर कोर्टाच्या बाकावर बसलेल्यांना माहीत आहे. पण अंतरिम दिलासा असतो तो याच काळासाठी, आणि तो मागायचा तर तक्रार ९० दिवसांच्या आत करायला हवी. उशिरा आलेली तक्रार कोर्ट घेऊ शकतं, पण सबळ कारण द्यावं लागतं. नेत्याच्या भाषणात ही ९० दिवसांची मुदत सहसा नसते.

खरी अडचण कंत्राटी कामगाराची आहे. ‘हा आमचा कामगारच नाही’ असं कंपनीने म्हटलं, की सर्वोच्च न्यायालयाच्या २००१च्या सिप्ला निकालानुसार या कायद्याखालची त्याची तक्रार पुढे सरकत नाही. आधी मालक-कामगार नातं दुसऱ्या मंचावर सिद्ध करायचं, मग इथे यायचं. तिथे तारखांची तक्रार रास्तच आहे, आणि त्या कामगाराबद्दल मेसेजमध्ये एक ओळही नाही.