दिवाळी पछी

ऐन घटस्थापनेच्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, तर घाबरून प्लंबरला फोन करू नका. आश्विन महिन्यात नवं काम काढणं हे बडोद्यात नवखेपणाचं लक्षण आहे. नळाखाली पंधरा लिटरची बादली ठेवा आणि विचारणाऱ्याला शांतपणे सांगा, ‘दिवाळी पछी.’ हे दोन शब्द नीट म्हणता आले की महिना निघतो. दांडिया बाजारातलं पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारं घरसुद्धा ते गुजरातीतच म्हणतं. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हटलं की समोरचा तारीख विचारतो. ‘दिवाळी पछी’ला तारीख विचारायची पद्धत नाही.

आता नळाकडे जरा बघून घ्या, कारण तो पुढे लागणार आहे. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार-साडेचार लिटर. बादली साडेतीन दिवसांत भरते. आतला रबरी वायसर झिजलाय, बाकी काही नाही. मेन कॉक बंद करायचा, पान्यानं वरचा भाग खोलायचा, जुना वायसर काढून नवा बसवायचा, दहा मिनिटांत काम संपतं. पण तसं करू नका. त्याऐवजी घरातल्या प्रत्येकानं येताजाता नळ जरा जोर लावून आवळावा. त्यानं वायसर आणखी चिरतो, स्पिंडलचे आटे झिजतात आणि थेंबाची बारीक धार होते. महिना भरगच्च जातोय याची ती खूण.

पहिली बादली घटाला वापरा. पत्रावळीवरच्या मातीत गहू पेरलेले असतात, मध्ये मातीचा घट असतो आणि तो स्वतःच पाझरतो. त्यामुळे वरून हाताने चार शिंतोडे पुरतात, हे आजीला ठाऊक होतं. तुम्ही मात्र रोज तांब्या ओता. तिसऱ्या माळेला देवघरात कुबट वास सुटतो, चौथ्या माळेला दाण्यांवर पांढरी बुरशी धरते, आणि दसऱ्याला लोक टोपीत, केसात पिवळे अंकुर खोवतात तेव्हा तुम्ही ‘यंदा बियाणंच खराब होतं’ म्हणायला मोकळे.

नवरात्रात दिवसा काही होणार नाही हे गृहीत धरा. रात्री साडेनऊला निघायचं, गरबा आटोपला की कुठेतरी सेव-उसळ खायची, दोनला आडवं व्हायचं आणि सकाळी ऑफिसात टेबलावर डोकं टेकायचं. कोणी हटकलं तर सांगा की डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनं गुजरातच्या गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलंय, तेव्हा ही डुलकी नाही, जतन आहे. चणियाची, म्हणजे गरब्याच्या घागऱ्याची, उंची मोजताना शिंप्यासमोर टाचेच्या चपला घालून उभ्या राहा आणि मैदानात अनवाणी उतरा. दोन टाळ्यांच्या साध्या गरब्यापर्यंत काही जाणवत नाही. दोढियू गरब्याची मागची पावलं आली की घेर स्वतःच्याच टाचेखाली येतो आणि शिलाई कमरेपासून उसवते. शिंपी दुरुस्तीचं काय म्हणेल ते तुम्हाला आता पाठ आहे.

खंडेनवमीला स्कूटर, लॅपटॉप, मिक्सर सगळ्याला झेंडू वाहा. शस्त्राची पूजा झाली की त्या दिवशी ते वापरायचं नसतं. या नियमाचा असा श्रद्धेनं उपयोग वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी करता येत नाही.

दसऱ्याचा गलगोटा, म्हणजे झेंडू, आदल्या संध्याकाळी घेतला तर स्वस्त पडतो आणि टिकतोही, फक्त तो कोरडा, उघड्या टोपलीत ठेवायला हवा. म्हणून तो तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर पाणी मारून, गाठ बांधून ठेवा. सकाळी देठाकडून काळा पडलेला असतो. मग गाडी काढून खंडेराव मार्केटला जायचं. सयाजीराव महाराजांनी ते १९०६ साली बांधलं तेव्हा मोटारींचा विचार केला नव्हता, हे दरवर्षी त्याच सकाळी नव्यानं कळतं. तिथेच आपटा म्हणून मोठमोठी, पातळ पानं मिळतील, ती कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, रुंदीला जास्त आणि हाताला जाड, चिवट लागतं. पण सोनं लुटताना घासून बघायचं नसतं.

परतताना फाफडा-जलेबीची रांग. फाफडा पाटावर तळहातानं एका दाबात लांबवून सुरीनं उचलतात, तो तेलातून निघाल्यावर अर्ध्या तासात कच्च्या पपईच्या संभाऱ्याबरोबर खायचा पदार्थ आहे. तुम्ही एक किलो घ्या, गरम असतानाच पिशवीत घट्ट बंद करा आणि दुपारी जेवणाला ठेवा. स्वतःच्याच वाफेनं तो असा मऊ पडतो की घडी घालता येते.

कोजागिरीला घरात दोन पक्ष असतात, मसाला दुधाचे आणि दूध-पौंव्याचे. दोघांनाही दुखवू नका, एकाच पातेल्यात उरका. खरं तर मसाला दूध म्हणजे दोन लिटरचं दीड होईपर्यंत बुडाशी उलथनं फिरवत आटवलेलं, केशर वेगळ्या कोमट दुधात भिजवून घातलेलं, जायफळ अगदी शेवटी. आणि दूध-पौंव्याला हवं गार दूध, धुऊन निथळलेले जाड पोहे, वर तलम कापड आणि गच्चीवरचं चांदणं. उकळत्या केशरी दुधात पातळ पोहे टाकले की पाच मिनिटांत जे होतं त्याला नाव नाही. चंद्र त्यातही दिसतो.

इथून वसुबारसेला बाराच दिवस उरतात. इतके दिवस ‘खूप वेळ आहे’ म्हणत होता, ते आता थांबवून ‘आता काय होणार’ म्हणायला लागा. साफसफाई करायची तर आधी फरशी पुसा, मग पंखा आणि सगळ्यात शेवटी माळियुं, म्हणजे पोटमाळा. धूळ वरून खाली येते, म्हणजे फरशी तीनदा पुसल्याचं समाधान मिळतं. जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवून ओढला की पंख्याची सगळी धूळ अभ्र्यातच राहते. तुम्ही कोरडा झाडू मारा, निम्मी पलंगावर, निम्मी डोळ्यांत. पितळेची भांडी चिंच-मिठानं घासून ‘निथळू देत’ म्हणून तशीच पालथी घाला. आंबट राहिलं, पुसून कोरडं केलं नाही, की दुपारपर्यंत डाग धरतात आणि भांडी घासण्याआधीच बरी दिसत होती अशी खात्री पटते. माळियावर गेल्या वर्षीचे दिवाळी अंक सापडतील. तिथेच शिडीवर बसून वाचायला घ्या. मराठीत दिवाळी अंक निघायला लागले १९०९ पासून. तुमची थकबाकी त्या मानानं किरकोळ आहे.

रंगाऱ्याला या पंधरवड्यात फोन केलात तर तो यायला तयार होईल, हा धोका आहे. एका दिवसात उरकून द्या म्हणा. जुना पोपडा खरवडायचा नाही, भरलेली लांबी (पुट्टी) सुकू द्यायची नाही, थेट डिस्टेंपर. भाऊबीजेच्या सुमारास भिंत कागदासारखी सुटते. तोवर त्याची माणसं दाहोदकडे आपापल्या गावी पोचलेली असतात.

आणि फराळ. इथे घाई नको, कारण इथे चुका करायला खरा वाव आहे. चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन हरभराडाळ, एक उडीदडाळ, अर्धी मूगडाळ, मूठभर धने, थोडं जिरं. तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेले, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजलेला. तुम्ही सगळं एका कढईत टाका. तांदूळ खरपूस होईपर्यंत मूगडाळ काळी पडते, किंवा मूगडाळ वाचवायला गेलात तर तांदूळ कच्चे राहून चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडते. मग घंटीवर, म्हणजे पिठाच्या गिरणीवर, जा. धनतेरसच्या आदल्या संध्याकाळी घंटीवाल्याकडे डब्यांची रांग रस्त्यापर्यंत असते आणि आपल्या आधी काय दळलं हे विचारायचं भान कोणाला नसतं. तुमच्या आधी कोणाची बाजरी असेल तर पहिलं शेरभर पीठ करडं येतं. घरघंटी असेल तर आणखी सोपं: धान्य दमट असताना बारीक जाळी लावा. जाळी बुजते, पीठ गरम होतं, जळकट वास येतो आणि दुरुस्तीवाला फोनवर दोनच शब्द बोलतो.

मोहन चार वाट्या पिठाला साधारण पाव वाटी कडकडीत तेल. कमी पडलं तर चकली दातांची परीक्षा बघते. जास्त झालं तर तेलात पडताच तिचे वेढे एकमेकांचा हात सोडतात, आणि झाऱ्यानं जे बाहेर येतं त्याला तुम्ही ‘चकलीचा चिवडा’ म्हणून खपवू शकता. काटे नीट आले नाहीत तर सोऱ्याला दोष द्या. पीठ सैल होतं हे सोऱ्या सांगायला येत नाही.

अनारसे मात्र तुमच्यासाठीच निर्माण झालेत. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. बादली आहेच. चौथ्या दिवशी फडक्यावर अर्धवट सुकवून दळायचे, चाळायचे, गूळ मिसळून गोळा डब्यात मुरायला ठेवायचा, तो चार-पाच दिवस. म्हणजे कोजागिरीला तांदूळ भिजले तर दिवाळीला अनारसे. तुम्ही वसुबारसेला भिजवा. पीठ मुरायला वेळ नाही म्हणून लगेच तळा, गूळही अंदाजानं जरा जास्तच. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नसतो, हा नियम तुम्हाला पाळावा लागणारच नाही, कारण उलटण्याइतका तो राहत नाही. तुपात पडल्यापडल्या हसतो. तुम्हीही हसा.

शेजारच्या बेन तेवढ्यात मठियांचं, म्हणजे पापडासारख्या पातळ तळलेल्या पुऱ्यांचं, ताट घेऊन येतील. उत्तरसंडा गावचे कच्चे मठिये आणून त्यांनी घरी तळलेले असतात, कडक तेलात, दोन-तीन सेकंदांत, पिवळेच्या पिवळे. एकही लाल नाही. ताट रिकामं परत करायचं नसतं. हसलेले अनारसे द्या आणि ‘आमच्यात असेच असतात’ असं ठामपणे सांगा. बडोद्यात मराठी असण्याचा हा एक फायदा.

धनतेरसला धातू घ्यायचा, तर उगाच नाणं घेण्यापेक्षा नवा पितळी नळच घ्या. त्याला हळदकुंकू लावा, धन्यांच्या राशीशेजारी पाटावर मांडा आणि पूजा झाली की कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. लक्ष्मी घरात आल्याआल्या पान्यानं आवळणं बरं दिसत नाही. नव्या पणत्या त्या रात्री बादलीत बुडवून ठेवा, भिजवल्या नाहीत तर त्या तेल पितात. चतुर्दशीला सकाळी आपण डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं. काळी चौदसचा कंकास, म्हणजे घरातली कटकट, बाहेर काढायला बेन वडे घेऊन चार रस्त्यावर जातील, भोवती पाण्याचं कुंडाळं करायला त्यांना तांब्याभर पाणी द्या. पाण्याची आपल्याकडे कमी नाही.

पाडवा, म्हणजे बेसतुं वरस, उजाडला की दिवाळी संपली आणि ‘पछी’ सुरू झालं असं तुम्हाला वाटेल. मंगळ बजारात जाऊन बघा, शटरं खाली. लाभपांचमीपर्यंत दुकानं उघडत नाहीत. लाभपांचमीला उघडतात ती मुहूर्तापुरती: पूजा, पेढा, एक सौदा, पुन्हा शटर. मग तुळशीचं लग्न, मग देवदिवाळी, मग खरी लग्नं, ज्यात प्लंबर, रंगारी आणि शिंपी तिघेही वरातीत असतात. डिसेंबरच्या मध्यात कमुर्ता लागतं, त्यात कोणी शुभ काम काढत नाही. नवा नळ अर्थातच शुभात मोडतो. ते सुटतं १४ जानेवारीला, तेव्हा सगळं गाव उत्तरायणासाठी गच्चीवर, आणि पंधराला वासी उत्तरायण, म्हणजे उरलेला मांजा संपवायचा दिवस.

सोळाला प्लंबर येईल. तोवर बादली निदान पंचवीसदा भरून झालेली असेल. कपाटातून नवा नळ काढून द्या. आट्यांमध्ये धनतेरसचं हळदकुंकू वाळून बसलेलं असतं, ते आधी धुवावं लागेल, नाहीतर वरची सफेद टेप नीट बसत नाही. पाणी तिथेच आहे, नळाखाली.